उजवा दिवा

गाडीचा उजवा दिवा आपोआप वर आला, तेव्हा ओर्नेलाचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. कारण दिवा वर येताना पाहून तिने पहिली गोष्ट केली ती हीच, की खिशातून हात बाहेर काढले आणि त्यांच्याकडे पाहिलं. एका हातात ट्रामचं चुरगळलेलं तिकीट होतं. दुसऱ्यात काही नव्हतं, मनगटाला फक्त पेस्ट्रीच्या पुड्याची रेशमी दोरी अडकवलेली होती. अंगणाच्या टोकाला वडिलांच्या गॅरेजचं शटर पूर्ण वर होतं. आत ती लाल, बुटकी, दोनच माणसांची गाडी, अंगावरची चादर काढून उघडी केलेली. गाडीत कोणी नव्हतं, गाडीजवळ कोणी नव्हतं. तरी बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यातलं झाकण घरघरत उचललं, त्याखालचा गोल दिवा वर आला, न पेटताच क्षणभर तिच्याकडे बघत राहिला आणि पुन्हा घरघरत आत गेला. डावा दिवा मिटलेलाच होता.

“घाबरलीस ना?” पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून जेम्माकाकूंनी विचारलं. त्या पायपुसणं झटकायला आल्या होत्या, आणि एकदा आल्या की अर्धा तास हलत नसत. “चार दिवस झाले, अशीच डोळा मारतेय. काल पोस्टमनला मारला. मी रेमोला म्हटलं, अरे, तुझी गाडी म्हातारपणी चवचाल निघाली की!”

ओर्नेला हसली. हसता हसता तिने हात पुन्हा खिशात घातले, आणि जिन्याशी पोचेपर्यंत तिला एकच प्रश्न पडला होता: आपण हात बघितले कशाला? दिवा वीस पावलांवर होता. इतक्या लांबून कोणी कशाला हात लावणार? पण छातीत जे धडधडत होतं ते नुसत्या दचकण्याचं नव्हतं. दुकानातून बाहेर पडताना पहारेकऱ्याने उगाच हटकल्यावर, आपण काही उचललेलं नाही हे ठाऊक असूनही पिशवी उघडून दाखवायची घाई होते, तसं काहीतरी. चव्वेचाळीस वर्षांची बाई, औषधांच्या दुकानात एकोणीस वर्षं नोकरी केलेली. आणि एका जुन्या गाडीचा दिवा हलला तर ही स्वतःची झडती घेत उभी. तिने जिन्याच्या कठड्याला धरलं. कठडा थंड होता, धुक्याने ओलसर झालेला. वरून लसूण आणि खारवलेल्या माशांचा वास येत होता. म्हणजे बाबांनी नोव्हेंबरातलं ते तेलातलं कालवण शिजवायला घेतलं होतं, ज्यात भाज्या बुडवून खायच्या आणि मग दोन दिवस कोणाच्या जवळ जायचं नाही.

रेमो बाउदुक्को, म्हणजे तिचे बाबा, गाड्यांचे वायरमन. वयाच्या सोळाव्या वर्षापासून सत्तराव्यापर्यंत त्यांनी तोरिनोतल्या या वस्तीत लोकांच्या गाड्यांचे दिवे, भोंगे, बॅटऱ्या आणि स्टार्टर दुरुस्त केले. आता सत्त्याहत्तर वर्षांचे होते. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून नव्हतं आणि त्याच्या शेजारच्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. त्या हाताने ते काटा असा धरत, की नव्या माणसाला वाटावं, हा काही मोठ्या घरातला रिवाज असेल. ओर्नेलाने लहानपणापासून जेवताना त्या हाताकडे न बघण्याची सवय लावून घेतली होती. ती पाण्याच्या बाटलीकडे बघून बोलायची.

“डोळ्यांच्या डॉक्टरने लायसन्सवर सही केली नाही,” बाबा म्हणाले. ते गाजर बुडवत होते आणि तेलाचा थेंब टेबलावर पडू नये म्हणून खाली पावाचा तुकडा धरून होते. “म्हणाला, बाउदुक्को, तुम्हाला बस दिसते, पण नंबर दिसत नाही. म्हटलं, इथे एकच नंबर येतो, वाचायचाय कशाला? तरी नाही केली.”

“बरं केलं,” ओर्नेला बाटलीला म्हणाली.

“हो, बरंच केलं. म्हणून ती गाडी तुझ्या नावावर करायची. मंगळवारी जाऊन येऊ. पण त्याआधी उजवा दिवा. आंधळी गाडी कोणाला देऊ नये. माझं बोट तिथवर जात नाही आणि गेलं तरी दिसत नाही. तुझे हात तुझ्या आईसारखे बारीक आहेत. जेवण झालं की उतरू.”

“मला गाडी चालवता येत नाही, बाबा.”

“लायसन्स आहे ना?”

“पंचवीस वर्षांपूर्वी काढलेलं. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावलेला नाही.”

“मग लाव आता,” ते म्हणाले आणि पातेल्याखालची मेणबत्ती सारखी करू लागले.

‘नको’ तिच्या ओठांवर आलं होतं. पण नको म्हटलं की ‘का?’ येणार, आणि त्या ‘का’चं उत्तर त्या घरात तेहतीस वर्षांत कोणी मोठ्याने दिलं नव्हतं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच दिलं नव्हतं. ती अकरा वर्षांची असताना, जुलैतल्या एका रविवारी सकाळी, समुद्रावर जायच्या आधी, बाबा याच गाडीचा उजवा दिवा साफ करत होते. दिवा वर उचललेला, बॉनेट बंद, आणि बाबांचा हात दिव्याखालच्या फटीत. ओर्नेला आत स्टिअरिंगमागे बसली होती. तिचं काम एवढंच, की बाबांनी ‘आता’ म्हटलं की स्विच दाबायचा. बाबांनी ‘आता’ म्हटलं. तिने स्विच दाबला. दिवा खाली आला. हात अजून आत होता. एवढंच. चार वाक्यांची गोष्ट. बाबांनी हॉस्पिटलात ती अशीच सांगितली, आईला अशीच, शेजाऱ्यापाजाऱ्यांना, धाकट्या काकाला, दरवेळी शेवटी एक पाचवं वाक्य जोडून: “माझीच चूक, मीच म्हटलं ना ‘आता’.” आणि ऐकणारा बाबांच्या खांद्यावर हात ठेवायचा.

पण ओर्नेलाच्या डोक्यात ती गोष्ट चार वाक्यांची राहिली नव्हती. रस्त्यावरून त्या वेळी ट्राम जात होती. ‘आता’ नंतर ट्रामची घंटा वाजली. घंटेखाली अजून एक शब्द होता का? ‘आता नको’ असं तर नव्हतं? ‘आता थांब’? कधी तिला तो दुसरा शब्द अगदी स्वच्छ ऐकू यायचा, कधी घंटाच ऐकू यायची, आणि एकदा, परीक्षेच्या दिवसांत तापात पडली होती तेव्हा, तिला पक्कं आठवलं होतं की बाबा काहीच बोलले नव्हते, नुसते खोकले होते. प्रत्येक आठवण तितकीच खरी वाटायची. स्विचची टिचकी मात्र कायम होती. अंगठ्याखालचा तो खरखरीत काळा तुकडा आणि ‘टक्’. तेवढं पक्कं होतं, आणि तेवढं पक्कं असल्यामुळे बाकीचं काय होतं याला तसा अर्थ नव्हता. ‘आता’ म्हटलेलं असेल तर ती आज्ञाधारक मुलगी होती. ‘आता नको’ म्हटलेलं असेल तर बाबा तेहतीस वर्षं तिला पाठीशी घालत होते. दुसरंच खरं असावं असं तिला आतून वाटे, कारण बाबा ते पाचवं वाक्य फार पटकन बोलत.

आई तिला कधीही रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं ओर्नेलाला पुढे वाटलं. विल्मा बाउदुक्को ही भांडायला न घाबरणारी बाई होती. दूधवाल्यापासून पाद्र्यापर्यंत कोणाला तिने सोडलं नव्हतं. पण त्या जुलैनंतर ती ओर्नेलाशी एका वेगळ्याच मऊ आवाजात बोलू लागली. गॅस पेटवायला ओर्नेला पुढे झाली की, “राहू दे, मी करते.” कपडे धुण्याच्या यंत्राचं बटण दाबायला गेली की, “राहू दे, मी करते.” जिन्यातल्या दिव्याच्या बटणापर्यंत मुलीचा हात पोचायच्या आत आईचा पोचलेला असे. त्यात कडवटपणा नव्हता. गरम तव्यापासून मूल मागे ओढावं, तेवढंच. चार वर्षांपूर्वी आई हॉस्पिटलात होती, शेवटचे दिवस; तिला पाठीशी थोडं उंच हवं होतं आणि खाटेचं बटण ओर्नेलाच्या हाताशी होतं. तिने बोट ठेवलं मात्र, आईने डोळे उघडले. म्हणाली, “राहू दे गं. नर्स येईल.” नर्स यायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं दोघी खिडकीबाहेरच्या झाडाबद्दल बोलल्या.

“चल,” बाबा म्हणाले. “अंधार व्हायच्या आत उरकू.”

गॅरेजात तेलाचा, रबराचा आणि थंड लोखंडाचा वास होता. भिंतीवर नट आवळायचे पाने मापाप्रमाणे टांगलेले, प्रत्येकाच्या मागे त्याची बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे एखादा जागेवर नसला की भिंतीवर त्याचं भूत दिसावं. बाबांनी तिला आईचा जुना एप्रन बांधायला दिला. उजवा दिवा त्या वेळी खाली होता. ते गाडीसमोर उभे राहिले आणि उगीच आवाज चढवून, पूर्वी शिकाऊ मुलांना सांगत तसे म्हणाले, “पहिलं काय?”

“बॅटरी.”

“बॅटरीचं काय?”

“काळी तार काढायची.”

“आणि ती काढल्याशिवाय?”

“कुठेही बोट घालायचं नाही.”

हे तिला पाठ होतं. वस्तीतल्या अर्ध्या लोकांना पाठ होतं. सलूनमध्ये, बारमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर, रेमो बाउदुक्कोला कोणी गाडीबद्दल काही विचारलं की उत्तराची सुरुवात काळ्या तारेपासून व्हायची. जेम्माकाकू म्हणत, हा मेल्यावर याच्या शवपेटीचीही काळी तार आधी काढावी लागेल. ओर्नेलाने बॉनेट उचललं, दांडी अडकवली, दहा नंबरच्या पान्याने नट सैल केला आणि तार बाजूला ओढून तिच्या टोकावर फडकं गुंडाळलं. हे करताना तिचे हात थरथरले नाहीत. तिला त्याचंच नवल वाटलं. या गाडीला तिने तेहतीस वर्षांत हात लावला नव्हता; कधी गॅरेजात यावं लागलंच तर ती भिंतीकडून चालायची. आणि आता हात असे चालत होते, जणू ते कोणा दुसऱ्याचे होते आणि ती त्यांना रस्ता दाखवत होती.

“आता मोटरच्या डोक्यावर रबरी टोपी असेल. काढ. खाली गोल मूठ लागेल. फिरव. दिवा हाताने वर येईल. सावकाश.”

मूठ घट्ट होती. अर्ध्या फेऱ्याला एक दात सरकल्यासारखं वाटायचं. दिवा इंचाइंचाने वर आला, आणि त्यात आता काही जीव नव्हता. पेटीचं झाकण उघडावं तसा तो उघडला. बाबांनी खालच्या फटीत लाकडाचा ठोकळा सरकवला, एक आणि मग अजून एक. “तार काढलीय, तरी ठोकळा,” ते म्हणाले. “यंत्रावर कधी विश्वास टाकू नये. त्याला तुझं नाव माहीत नसतं.”

ती आत वाकली. बाबा मागून हातातल्या टॉर्चचा उजेड पाडत होते, पण त्यांना दिसत नसल्यामुळे उजेड सारखा भलतीकडे जायचा. “डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे.” मोटरवरचं झाकण तीन स्क्रूंनी बसवलेलं होतं. आत एक गोल पत्रा, नाण्याएवढा, आणि त्यावर टेकलेले तीन चिमुकले पितळी पाय. पत्र्याच्या एका कडेला हिरवट पूड जमली होती. एक पाय तिथे अडकून वाकडा झाला होता. तिने ते सगळं, प्रिस्क्रिप्शन वाचावं तसं, मोठ्याने सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं.

“पाणी शिरलं,” बाबा म्हणाले. “तो पत्रा मोटरला सांगतो, की बाई, पोचलीस, आता थांब. तो गंजला की तिला कळेनासं होतं, कुठे थांबायचं. मनात आलं की उठते, मनात आलं की बसते. स्विचशी संबंध नाही. पॉलिश पेपर घे. बारीक. हळूच घास.”

ती घासू लागली. हिरवी पूड तिच्या नखात गेली. मागे उजेड स्थिर झाला होता. बाबांनी कोपर फळीवर टेकवलं असावं. बराच वेळ नुसता खर्र खर्र आवाज. रस्त्यावरून ट्राम गेली.

“तेव्हाही हेच होतं,” बाबा म्हणाले.

“काय?”

“हाच पत्रा. याच जागी. मी नंतर बदलला. आता पुन्हा तिथेच गंजलाय.”

ती घासत राहिली. तिला वाक्य समजलं होतं, पण ते डोक्यात कुठे ठेवायचं ते समजेना. “तेव्हा म्हणजे?”

“तेव्हा म्हणजे तेव्हा.” उजेड हलला. “आणि मी काळी तार काढली नव्हती.”

ओर्नेला सरळ झाली नाही. वाकलेल्या अवस्थेत बाबांचा चेहरा दिसत नव्हता आणि तेच बरं होतं. “मी स्विच दाबला होता,” ती म्हणाली. जणू ते विसरले होते आणि तिने आठवण करून दिली.

“नव्हता. हात स्विचवर नव्हतेच तुझे. मला काचेतून दिसत होतीस. दोन्ही हात वर. केसांना रबर लावत होतीस. आणि मोटर घरघरली. मला वाटलं, हात काढतो. तेवढ्यात. मी काही म्हटलंच नव्हतं. ‘आता’बिता काही नाही.”

“मग तुम्ही…”

“हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरने विचारलं, काय काम करता? म्हटलं, गाड्यांचा वायरमन. म्हणाला, मग हे कसं झालं? बाहेर तुझी आई, काका, माझ्या हाताखालची दोन पोरं. रोज ज्यांच्या डोक्यावर मी काळी तार काळी तार म्हणून नाचायचो. समुद्रावर जायची घाई होती म्हणून वायरमनने बॅटरी न काढता हात घातला, हे तोंडातून निघेना. निघालं ते वेगळंच. पोरीला म्हटलं ‘आता’, तिने दाबलं. माझीच चूक. सगळे म्हणाले, बघा, केवढ्या मनाचा बाप.”

ट्राम कधीच निघून गेली होती, पण तिचा आवाज अजून रुळांत घुमत होता. ओर्नेलाने पॉलिश पेपरची घडी उलटी केली आणि पुन्हा घासायला लागली. पत्रा आता पिवळा दिसत होता. अजून किती घासायचं, हे विचारायला हवं होतं. तिने विचारलं ते दुसरंच.

“आईला कधी सांगितलंत?”

उजेड पत्र्यावरून घसरून खाली गेला.

“शेवटी तरी?”

“रोज ठरवायचो,” बाबा म्हणाले. “मग वाटायचं, पोरगी विसरली असेल. तू कधी बोलली नाहीस. लहान मुलं विसरतात.”

तिला वाटलं, आता आपल्याला राग येईल. तिने वाट पाहिली. राग येण्याची सगळी तयारी झाली होती, जागा रिकामी केली होती, पण तो आला नाही. त्याऐवजी एक अतिशय क्षुल्लक शंका आली. त्या उन्हाळ्यात आपले केस कापलेले होते. शाळेच्या सहलीत उवा झाल्या म्हणून आईने जूनमध्येच मुलांसारखे कापून टाकले होते. की ते पुढच्या वर्षी? समुद्रावरचा एक फोटो होता, आखूड केसांचा; पण त्यात बाबांच्या हाताला पट्टी होती की नव्हती? त्या वर्षी समुद्रावर गेलोच नव्हतो, मग फोटो कधीचा?

“माझे केस कापलेले होते,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या जुलैत. रबर कशाला लावेन?”

बाबा आणखी जवळ वाकले. त्यांच्या श्वासाला लसणाचा वास येत होता. “मग टोपी असेल,” ते अखेरीस म्हणाले. “केस नसतील तर टोपी असेल. हात वर होते, ओर्ने. एवढं मला दिसलं.”

आणि मग तिच्या हातातून सगळंच निसटलं. अंगठ्याखालची ती खरखर, ती ‘टक्’, तिच्या आयुष्यातली सगळ्यात पक्की गोष्ट. ती बाबांच्या चार वाक्यांतून उगवली होती काय? ऐकून ऐकून अंगठ्याला आठवण फुटते? की टिचकी खरी, आणि बाबा आत्ता, गाडी तिने घ्यावी म्हणून, डोळे गेलेला म्हातारा माणूस जाण्याआधी मुलीला काहीतरी द्यावं म्हणून, तिचे हात वर उचलून ठेवत होते? दोन गोष्टी. दोनपैकी एक खोटी, आणि दोन्ही त्याच आवाजात, त्याच माणसाने सांगितलेल्या. पूर्वी तिला वाटायचं, बाबा आपल्याला पाठीशी घालतात. त्यांनी तर तिला पुढे उभं केलं होतं. आणि हे जर पाठीशी घालणं असेल, तर ते आता सुरू झालं होतं, तेहतीस वर्षांनी. खात्रीची उरली ती फक्त काळी तार. त्या एका गोष्टीवर खोटं बोलून त्यांना काही मिळणार नव्हतं. तार काढलेली असती तर कोणी काही म्हटलं असतं काय नि दाबलं असतं काय, दिवा हललाच नसता. तिने ते मनात पुन्हा एकदा म्हटलं. ते बरोबर होतं. पण बरोबर असूनही त्याने काही मोकळं झालं नाही. आई आठवली, आईचा तो मऊ आवाज. आईने कोणाला माफ केलं होतं, आणि कशाबद्दल? त्या माफीचं आता काय करायचं? दुकानात ती प्रत्येक औषधाचं नाव दोनदा वाचायची, गिऱ्हाइकं चिडायची, मालक तिला ‘दोनदाबाई’ म्हणायचे. तिच्या त्या दोनदा वाचण्याने एकोणीस वर्षांत तीन माणसं चुकीच्या गोळीपासून वाचली होती. एक तर दीड वर्षाचं मूल होतं. त्या मुलाला बाबांच्या खोटेपणाने वाचवलं असं म्हणायचं का? तिचं लग्न झालं नाही, त्यालाही हेच कारण लावायचं का, की ते निराळं होतं? ज्याच्याशी लग्न होता होता राहिलं, त्या फाउस्तोने एकदा विचारलं होतं, “तू कुठलीही गोष्ट करताना आधी माझ्या तोंडाकडे का बघतेस?” तिला तेव्हा उत्तर माहीत होतं. आता ते उत्तरही राहिलं नव्हतं.

“पुरे,” बाबा म्हणाले. “फार घासलंस तर पत्रा पातळ होतो.”

तिने वाकडा झालेला पितळी पाय चिमट्याने सरळ केला. सांगितलं तसं ग्रीसचं बोट फिरवलं, झाकण बसवलं, तीन स्क्रू पिळले. दिव्याची अर्थिंगची तार जिथे गाडीच्या अंगाला जोडली होती, तो नटही गंजला होता. तो तिने न सांगता सोडवला, घासला आणि पुन्हा आवळला. बाबा “शाब्बास” म्हणाले नाहीत, नुसते हुंकारले, आणि तिला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा मग थोडा राग आला. थोडाच. पण आला. तिने दोन्ही ठोकळे काढले, मूठ फिरवून दिवा खाली घेतला, रबरी टोपी चढवली. काळी तार जोडताना एक बारीक ठिणगी उडाली. दोघंही दोन पावलं मागे झाली.

काही हललं नाही. दिवा मिटलेलाच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. बाहेर अंगणात धुकं उतरून निळं झालं होतं आणि जेम्माकाकूंच्या गॅलरीतला दिवा लागला होता.

“बॉनेट लाव. आत बस आणि लावून बघ,” बाबा म्हणाले.

ती बसली. सीट तिच्या आठवणीपेक्षा खूप खाली होती, आणि स्विच आठवणीतल्या जागी नव्हता. तो स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला होता, आणि खरखरीत नव्हता, गुळगुळीत होता. झिजला असेल. बदलला असेल. बाबांना विचारता आलं असतं, पण ते जे सांगतील त्याचं काय करायचं हे तिला आता कळत नव्हतं. तिने अंगठा स्विचवर ठेवला. काचेतून बाबा दिसत होते, दिव्यापासून चांगले लांब, भिंतीला पाठ लावून उभे. त्यांनी हात पाठीमागे घेतले होते. ती ज्याची वाट बघत होती तो शब्द ते बोलले नाहीत. बोलणार नाहीत, हे तिला त्यांच्या मिटलेल्या तोंडावरून दिसलं. तिने अंगठा काढून घेतला आणि दार उघडून बाहेर आली.

“तुम्ही बसा.”

“मी?”

“तुम्हीच. मी समोर उभी राहते.”

त्या बुटक्या गाडीत शिरायला त्यांना वेळ लागला. आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेलं सगळं कण्हत. वरून जेम्माकाकूंचा आवाज आला, “रेमो, मी बूट चढवायची पट्टी टाकू का खाली?” ओर्नेला शटरच्या बाहेर जाऊन अंगणात उभी राहिली, अगदी गाडीच्या समोर, चारेक पावलांवर. काचेच्या मागे बाबांचा चेहरा अंधुक, लहान दिसत होता. त्यांना आपण बहुधा दिसतच नसू, असं तिला वाटलं. नंतर दोन्ही झाकणं घरघरली. डावा आणि उजवा, दोन्ही दिवे बरोबर वर आले आणि पेटले.

प्रकाश धुक्यात भरला आणि तिच्या डोळ्यांवर आला. गाडी नाहीशी झाली, गॅरेज नाहीसं झालं, बाबाही. नुसते दोन पांढरे गोळे, आणि त्यांच्या मागे कुठेतरी काच खाली घेतल्याचा आवाज. मग बाबा काहीतरी म्हणाले. एकच शब्द असेल, किंवा दोन. तिचं नाव असेल. दिसतंय का असं विचारलं असेल. माफ कर असंही असेल. तिने डोळ्यांवर हात आडवा धरला आणि तो शब्द पुन्हा येईल म्हणून थांबली. जन्मभर तिने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली होती. आता विचारायला तोंड उघडलं, आणि काय म्हणालात असं न म्हणता ती त्या उजेडाला म्हणाली, “हो.”